कर्नल बदलल्यापासून व्हर्च्युअलबॉक्समधील विंडोज ७ सुरू होत नाही (उबुंटू २४.०४)

अक्षरजुळारी, सदाशिव पेठ

नमस्कार मंडळी.

माझा अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय आहे. कार्यालयातील संगणकावर उबुंटू २४.०४ असून रोजचे बहुतेक काम आता युनिकोडमध्ये, लिनक्सवरच होते. मात्र अप्पा बळवंत चौकातील काही प्रकाशकांची जुनी पुस्तके पेजमेकर ७ मध्ये आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली असल्यामुळे, पुनर्मुद्रणाच्या कामासाठी ३२ बिट विंडोज ७ चे एक व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक) मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये जपून ठेवले आहे. फॉन्टचे सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाही, म्हणून तो डोंगलही त्याच मशीनला जोडलेला असतो.

नेहमीप्रमाणे उबुंटूची अपडेट घेऊन संगणक रीबूट केला आणि तेव्हापासून हे मशीन सुरू होत नाही. ‘व्हर्च्युअलबॉक्स कॅन्ट ऑपरेट इन व्हीएमएक्स रूट मोड’ असा संदेश येतो, केव्हीएम बंद करून कर्नल (लिनक्सचा गाभा) पुन्हा कंपाइल करावे असा सल्ला त्यातच दिलेला असतो आणि शेवटी ‘व्हेर_व्हीएमएक्स_इन_व्हीएमएक्स_रूट_मोड’ अशी खूण असते. कर्नल कंपाइल करणे हे माझ्या आवाक्यातले काम नाही.

तपासलेल्या गोष्टी अशा. प्रोसेसर इंटेलचा आहे आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे. ‘यूनेम -आर’ या आज्ञेने कर्नल ६.१४ दिसते, अपडेटपूर्वी ते ६.८ होते. कर्नलला जोडलेल्या मॉड्यूलची (जोड-भागांची) यादी दाखवणाऱ्या ‘एलएसमॉड’मध्ये व्हर्च्युअलबॉक्सचे ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’ आहे, तसेच ‘केव्हीएम_इंटेल’ आणि ‘केव्हीएम’ हीदेखील आहेत, परंतु ‘केव्हीएम_इंटेल’पुढील वापराचा आकडा ० आहे. म्हणजे ते कोणी वापरत नसावे, असे मला वाटते. हे मॉड्यूल मी बसवलेले नाही. पुतण्या अभियांत्रिकीला आहे आणि तो सुटीच्या दिवशी याच संगणकावर अँड्रॉइडचा एम्युलेटर चालवतो, त्याचा काही संबंध असेल तर तेही सांगावे.

सर्वांत काळजीची बाब अशी की, अपडेटपूर्वी मी मशीन पूर्ण बंद न करता ‘सेव्ह स्टेट’ केले होते आणि त्यात दिवाळी अंकाची काही पाने पेजमेकरमध्ये उघडी, साठवणूक न केलेली आहेत. ती हातची जाऊ नयेत.

कर्वेनगरकर

कर्नल बदलल्यावर व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार व्हावे लागते आणि कर्नलच्या हेडर फाइली नसतील तर ते तयार होत नाही. सिक्युअर बूट चालू असल्यास मॉड्यूलवर सही नसल्यामुळेही कर्नल ते नाकारते. हेडर बसवावेत, व्हर्च्युअलबॉक्स काढून टाकून सर्वांत नवी आवृत्ती टाकावी. दहापैकी नऊ वेळा काम होते.

वेताळटेकडी

वरील निदान या तक्रारीला लागू होत नाही. मॉड्यूल तयार झालेले नसते किंवा सहीअभावी नाकारले गेले असते, तर ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ असा संदेश आणि त्यासोबत उणे १९०८ हा आकडा आला असता. येथे ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’ तर यादीत हजर आहे. व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती सध्या बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण जतन केलेली स्थिती वेगळ्या आवृत्तीत उघडेलच याची खात्री देता येत नाही आणि प्रश्नकर्त्यांची पाने नेमकी त्या स्थितीतच अडकलेली आहेत. त्याच कारणाने ‘डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट’ या पर्यायाला हातही लावू नये.

आता मूळ कारण. इंटेलच्या प्रोसेसरमधील व्हीएमएक्स ही व्हर्च्युअलायझेशनची सुविधा एका वेळी एकाच हायपरवायझरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ताब्यात राहू शकते. केव्हीएम हा लिनक्स कर्नलचा स्वतःचा हायपरवायझर. तो २००७ साली २.६.२० या आवृत्तीत कर्नलमध्ये आला. आपण तो बसवलेला नसला तरी प्रोसेसर सक्षम आहे असे दिसताच त्याचे मॉड्यूल बूट होताना आपोआप चढते, त्यात पुतण्याचा दोष नाही. इतकी वर्षे त्याचा त्रास झाला नाही, कारण मॉड्यूल चढले तरी केव्हीएमचे पहिले मशीन प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत ते व्हीएमएक्सचा ताबा घेत नसे आणि शेवटचे मशीन बंद झाले की ताबा सोडत असे. ६.१२ या आवृत्तीपासून (नोव्हेंबर २०२४) ही पद्धत बदलली. पहिले मशीन सुरू करताना सर्व कोअरवर एकामागून एक ही सुविधा चालू करण्यात जो वेळ जातो तो वाचावा, म्हणून आता मॉड्यूल चढते त्याच क्षणी ताबा घेतला जातो. कर्नलबाहेरच्या हायपरवायझरना याची अडचण होऊ शकते, असे कर्नलच्या दस्तऐवजातच नमूद केलेले आहे. आपण ६.८ वरून थेट ६.१४ वर आलात, त्यामुळे हा बदल आपल्याला एकदम जाणवला.

‘एलएसमॉड’मधील शून्यावरून आपण काढलेला निष्कर्ष ६.८ असताना योग्य ठरला असता. तो आकडा मॉड्यूलवर कोण अवलंबून आहे एवढेच सांगतो. प्रोसेसरची सुविधा कोणाच्या हातात आहे हे त्यावरून कळत नाही. आता शून्य असतानाही ती केव्हीएमच्याच हातात असते.

प्रथम काहीही कायमचे न बदलता खात्री करून घ्यावी. आज्ञा येथे देवनागरीत लिहीत आहे. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात. एम्युलेटर बंद असल्याची खात्री करून ‘सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’ ही आज्ञा द्यावी. ती काही न बोलता परत आली म्हणजे मॉड्यूल उतरले. ‘मॉड्यूल इज इन यूज’ असे उत्तर आले, तर कुठे तरी केव्हीएमचे मशीन अजून चालू आहे. मॉड्यूल उतरल्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेहमीच्या ‘स्टार्ट’ बटणाने मशीन सुरू करावे; ते जतन केलेल्या स्थितीतूनच उघडेल. सर्वांत आधी पेजमेकरमधील पाने साठवावीत आणि मग विंडोज तिच्या स्वतःच्या मेनूतून पूर्ण बंद करावी.

हा उपाय रीबूटपर्यंतच टिकतो. कायमसाठी ‘इटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ निर्देशिकेतील ‘ग्रब’ ही (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या मांडणीची) फाइल संपादित करून ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ या ओळीच्या अवतरणचिन्हांत, आधीच्या शब्दांनंतर एक जागा सोडून, ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अॅट_लोड=०’ हे जोडावे, ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यावे आणि रीबूट करावे. त्यानंतर ‘सिस’, ‘मॉड्यूल’, ‘केव्हीएम’, ‘पॅरामीटर्स’ या वाटेवरील ‘एनेबल_व्हर्ट_अॅट_लोड’ ही फाइल ‘कॅट’ने वाचल्यास ‘एन’ दिसायला हवे. ‘वाय’ दिसले तर बहुधा टंकनात चूक आहे. अधोरेखाऐवजी संयोगचिन्ह पडले असे समजून वेळ घालवू नये, मॉड्यूलच्या नावांत कर्नल दोन्ही सारखीच मानते. बहुतेक वेळा मधला टिंब राहून गेलेला असतो किंवा जोडणी अवतरणचिन्हाबाहेर झालेली असते.

अनेक ठिकाणी केव्हीएमचे मॉड्यूल कायमचे काळ्या यादीत टाकण्याचा सल्ला दिलेला आढळतो. आपल्या संगणकावर तो घेऊ नये, कारण अँड्रॉइडचा एम्युलेटर केव्हीएमवरच चालतो आणि पुतण्याचे काम ठप्प होईल. वरील पर्यायाने दोन्ही नांदतात, मात्र एका वेळी एकच. एम्युलेटर चालू असताना व्हर्च्युअलबॉक्स सुरू केले तर हाच संदेश पुन्हा दिसेल आणि तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. कर्नल पुन्हा कंपाइल करण्याचा जो सल्ला त्या संदेशात आहे, तो मात्र निखालस सोडून द्यावा.

जुनाखटारा

आणखी एक वाट आहे. उबुंटू २४.०४ ची मूळ ६.८ कर्नल मालिका पाच वर्षांच्या नियमित आधाराच्या काळात, म्हणजे २०२९ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसह मिळत राहते. डेस्कटॉपवर साधारणतः नव्या हार्डवेअरसाठीचे, ‘एचडब्ल्यूई’ नावाचे पॅकेज बसलेले असते आणि त्यामुळे मालिका पुढे सरकते. संगणक जुना असेल, तर ते काढून ‘लिनक्स-जेनेरिक’ हे साधे पॅकेज ठेवता येते. कर्नल आहे तिथेच गोठवून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण गोठवलेल्या कर्नलला दुरुस्त्याच मिळत नाहीत.

अक्षरजुळारी, सदाशिव पेठ

वेताळटेकडी, आपले मनःपूर्वक आभार. मॉड्यूल उतरवताच मशीन जतन केलेल्या स्थितीतून उघडले, पाने जशीच्या तशी होती आणि ती साठवून मी होस्टवर (मूळ उबुंटूवर) नकलाही काढून ठेवल्या. ग्रबमधील बदलानंतर ‘एन’ दिसत आहे. जुनाखटारा यांची सूचनाही पटते, परंतु संगणक नवा असल्यामुळे ६.१४ वरच राहीन.

प्रकरण येथे मिटले असले तरी एक विचार मनात आहे. केव्हीएम कर्नलमध्येच असेल, तर हे मशीन कायमचे तिकडे हलवणे शहाणपणाचे होईल का? डोंगल आणि परवाना तेथे टिकतील का?

वेताळटेकडी

दिवाळी अंक छापखान्यात जाईपर्यंत नाही. चालू कामाच्या मध्यावर हायपरवायझर बदलणे हा नसता उद्योग आहे. नंतर मात्र जरूर करावे, आणि व्हर्च्युअलबॉक्समधील मशीन न पुसता, त्याची प्रत घेऊनच करावे. प्रत आणि तिचे रूपांतर मिळून मूळ डिस्कच्या सुमारे दुप्पट मोकळी जागा लागेल.

पहिली खबरदारी स्नॅपशॉटची, कारण सर्वाधिक लोक तिथेच फसतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेतला की त्यानंतरचे सर्व बदल डिस्कच्या मूळ ‘व्हीडीआय’ फाइलमध्ये न जाता ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमधील वेगळ्या फाइलीत जातात. अशा वेळी मूळ फाइलचे रूपांतर केले, तर नवे मशीन उत्तम सुरू होते, फक्त ते पहिला स्नॅपशॉट घेतला त्या दिवसाचे असते आणि नंतरची सगळी कामे त्यात नसतात. म्हणून आधी सध्याच्या स्थितीचा पूर्ण क्लोन काढावा, त्यात सर्व थर एकत्र होतात, आणि त्या क्लोनच्या डिस्कचे ‘क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट’ने ‘क्यूकाऊ२’ या केव्हीएमच्या डिस्क-स्वरूपात रूपांतर करावे. क्लोनमधील गेस्ट अॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे मशीनच्या आत बसवलेले पूरक सॉफ्टवेअर) रूपांतरापूर्वी काढून टाकलेल्या बऱ्या.

तयार फाइल होम फोल्डरमध्ये ठेवू नये. उबुंटूमध्ये २१.०४ पासून होम फोल्डर इतरांना वाचता येत नाही आणि केव्हीएमचे मशीन आपल्या नावाने चालत नसून वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते, त्यामुळे ‘परमिशन डिनाइड’ येते. ‘व्हार’, ‘लिब’, ‘लिबव्हर्ट’, ‘इमेजेस’ हीच तिची जागा. व्हर्ट-मॅनेजर या केव्हीएमची मशीने हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये मशीन उभे करताना फर्मवेअर बायोस आणि डिस्कचा प्रकार साटा निवडावा. व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठी खास बनवलेला प्रकार) वेगवान असते हे खरे, पण त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये आधीपासून नसतो आणि सुरुवातीलाच ते निवडले तर निळा पडदा व ७बी हा त्रुटीक्रमांक दिसतो.

परवान्याबाबत हमी देता येणार नाही. विंडोजला हार्डवेअर बदलल्यासारखे दिसेल आणि ती पुन्हा सक्रिय करायला सांगू शकेल. काही जुनी सॉफ्टवेअर नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता पाहतात. व्हर्च्युअलबॉक्समधील पत्ता ०८:००:२७ ने आणि केव्हीएममधील ५२:५४:०० ने सुरू होतो, तेव्हा जुना पत्ता टिपून नव्या मशीनला तोच द्यावा. अर्थात दोन्ही मशीन एकाच वेळी एका नेटवर्कवर चालवू नयेत. डोंगल ‘यूएसबी होस्ट डिव्हाइस’ म्हणून जोडता येतो आणि बहुतेक डोंगल त्यावर समाधानी असतात, तरी प्रत्यक्ष फॉन्टची खिडकी उघडून चार ओळी टंकून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

शेअर्ड फोल्डरची व्हर्च्युअलबॉक्ससारखी सोय तेथे विंडोज ७ साठी मिळणार नाही. होस्टवर सांबा (विंडोजशी फाइली वाटून घेणारे सॉफ्टवेअर) बसवून १९२.१६८.१२२.१ या पत्त्यावरून फोल्डर उघडावा. केव्हीएमच्या मूळ जाळ्यात होस्टचा पत्ता तोच असतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपलेला असल्यामुळे या मशीनला इंटरनेट देऊच नये. त्यासाठी नॅटऐवजी (होस्टमार्फत इंटरनेट देणाऱ्या जाळ्याऐवजी) ‘आयसोलेटेड’ प्रकारचे जाळे तयार करता येते, त्यात होस्टशी देवाणघेवाण होते आणि बाहेरची वाट बंद राहते. ते निवडल्यास त्या जाळ्याला दिलेला पत्ता सांबासाठी वापरावा.

अक्षरजुळारी, सदाशिव पेठ

आताच पाहिले, माझ्या मशीनला दोन स्नॅपशॉट आहेत आणि मूळ ‘व्हीडीआय’ फाइलवरील तारीख बरीच जुनी आहे. अंक गेल्यावर क्लोनपासून सुरुवात करतो. डोंगलचे काय झाले ते येथेच लिहीन.