गरम कपडे आणि ट्रेकिंगचे सामान घरच्या घरी हवाबंद कसे करावे?

वाटसरू (प्रश्न)
स्वेटर, रजया आणि ट्रेकिंगच्या सामानाने कपाट भरून गेले आहे. त्यासाठी वेगळे यंत्र विकत घेण्याची इच्छा नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणि साध्या पिशव्या यांवर काम भागेल का? पिशवी पुन्हा फुगू नये म्हणून काय करावे?

नीटनेटका
नक्की भागेल. घरगुती क्लीनर वातावरणाच्या दाबाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच ओढ निर्माण करतो, पण अर्धा मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद पिशवीवर तेवढ्यानेही सुमारे ५०० किलो वजनाइतका दाब येतो. रजई चपटी व्हायला तो पुरेसा आहे.

कचऱ्याची जाड, कोरी पिशवी घ्यावी. नळीच्या तोंडावर जुना पातळ मोजा चढवावा, म्हणजे कापड आत ओढले जाणार नाही. पिशवीचे तोंड नळीभोवती मुठीत घट्ट धरून क्लीनर सुरू करावा, पिशवी आक्रसली की नळी बाहेर काढता काढता तोंडाला पीळ द्यावा, तो पीळ दुमडून त्यावर रबरबँड बसवावा. हवा पुरती निघाली की क्लीनर लगेच बंद करावा, कारण बऱ्याच क्लीनरची मोटर ओढल्या जाणाऱ्या हवेनेच थंड राहते आणि हवा अडली की ती तापते. अशी पिशवी कालांतराने फुगतेच. म्हणून तिच्याभोवती आधीच पट्टा आवळून ठेवावा. झिप असलेल्या पिशवीत हवा बहुधा झिपेतूनच शिरते, तेव्हा खाचेतला लोकरीचा एखादा धागाही पुसून काढावा.

डोंगरवाट
क्लीनर नसला तरी अडत नाही. कपडे झिपच्या पिशवीत सपाट रचून, थोडे तोंड उघडे ठेवून, तळापासून गुंडाळत गुडघ्याने दाबत जावे. प्रथमोपचाराच्या साहित्यासारख्या लहान वस्तूंसाठी पिशवी तोंडापर्यंत पाण्यात बुडवावी. पाण्याचा दाब हवा वर ढकलतो, आणि तोंड पाण्याबाहेर असतानाच झिप लावावी.

मात्र पिसांच्या किंवा कृत्रिम तंतूंच्या स्लीपिंग बॅगा महिनोन्‌महिने दाबून ठेवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यांची ऊब भरावात अडकलेल्या हवेमुळे असते, आणि दीर्घकाळ दबलेला भराव, विशेषतः कृत्रिम तंतूंचा, पूर्ववत फुलत नाही. प्रवासापुरते दाबावे, घरी मोठ्या सुती पिशवीत मोकळे ठेवावे. चामड्याच्या वस्तूंना कायमच्या घड्या पडतात, त्याही वगळाव्यात.

वाटसरू
आभारी आहे. स्वेटर धुतल्यावर किती वेळाने बंद करावेत?

नीटनेटका
वेळेपेक्षा शिवणी पाहाव्यात. काख, कॉलर आणि मनगटाची दुहेरी वीण सर्वांत शेवटी वाळते. तिथे बोटांना गारवा जाणवला तर थांबावे, कारण अडकलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि बुरशी धरते. बंद करताना चेन व बकले आतल्या बाजूला वळवावीत, नाहीतर आवळल्यावर पिशवीला तिथेच भोक पडते.