आकडे आपण गोळा करायचे आणि धोरण ठरवणार दुसरे? डेटाच्या भागीदारीत छोट्या संस्थेने पडावं का

ओसरीवरची_शाळा:
नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या. आमची सहा जणांची संस्था, मराठवाड्यातल्या दोन तालुक्यांत संध्याकाळचे वाचनवर्ग चालवतो, चाळीसेक गावं आहेत. महिन्यापूर्वी एक मोठी संस्था आणि एक फाउंडेशन असे दोघं मिळून आले, म्हणाले भागीदारी करू, गावं तुम्हाला माहितीयत तर डेटा तुम्ही गोळा करा, विश्लेषण आम्ही करतो, आणि मग तिघांच्या नावाने रिपोर्ट झेडपीपुढे आणि एससीईआरटीपुढे (राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद) ठेवू म्हणजे धोरणावर परिणाम होईल. पैसे बरे देतायत, दोन वर्षं तीन पोरांचे पगार सुटतात, आमच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

पण पाय पुढे पडत नाहीये. युडायस (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) आहे, असर (मुलांना वाचता येतं का ते घरोघरी बघणारा सर्व्हे) आहे, नॅस ही सरकारची देशभरातली चाचणी जाऊन आता परख आलंय, निपुण या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेच्या चाचण्या आहेतच, मग आम्ही अजून नवीन काय मोजणार? शाळेत गेलो की बाई आधी विचारतात, अजून एक फॉर्म आणला का. आणि खरं सांगायचं तर मला अजून एकदाही असं दिसलं नाही की कुणी आकडा बघितला आणि त्यामुळे आमच्या गावात काही बदललं. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, पडावं का यात?

माजी_स्वयंसेवक:
मी डीएडला असताना डाएटमार्फत (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था) असरच्या दोन फेऱ्या केल्यात त्यामुळे थोडं आतून सांगतो. लोकांना वाटतं असर म्हणजे प्रथम या स्वयंसेवी संस्थेचा सर्व्हे. आहेच तो प्रथमचा, २००५ पासून, पण गावागावात जातात ते स्थानिक भागीदार, कुठे डाएट, कुठे कॉलेजची पोरं, कुठे तुमच्यासारखी छोटी संस्था, कुठे बचत गट. २०२४ च्या फेरीत ६०५ ग्रामीण जिल्हे, १७,९९७ गावं आणि साडेसहा लाखाच्या आसपास मुलं होती. एवढं काम पगारी माणसं ठेवून कुणाला परवडणार.

पद्धत एकदम साधी. जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं, दोघांची जोडी, शनिवार-रविवार. आधी गावात फिरून नकाशा काढायचा, चार भाग पाडायचे, प्रत्येक भागात डाव्या हाताने जात दर पाचवं घर. मुलाला घरीच बसवून वाचायला द्यायचं, अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. घरीच का, तर शाळेत गेलं की फक्त हजर मुलं सापडतात. घरी गेलं की गैरहजर, खाजगीतली, शाळा सोडलेली सगळी भेटतात.

एक घर विसरत नाही. आई म्हणाली पोरगी चौथीला आहे, सगळं वाचते. पोरीने अक्षरं वाचली आणि शब्दांवर थांबली. आई भांडी घासायची थांबून नुसती बघत राहिली. तिला खरंच माहिती नव्हतं, कारण ती स्वतः शिकलेली नाही आणि प्रगतीपुस्तकावर तर श्रेणी चांगली होती.

पण एक खटकलंच. सरपंचांनी विचारलं, मग आमच्या गावाचं काय निघालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. २० घरांवरून एका गावाबद्दल काही बोलता येत नाही, ते सगळं जिल्हा आणि राज्याच्या अंदाजासाठी असतं. तुमच्या चाळीस गावांच्या प्रश्नाचं उत्तर असरमध्ये नाहीये, आणि ते त्यासाठी बनवलेलंही नाही. त्यामुळे "असर आहे मग आपण कशाला" हा मुद्दा मला तरी पटत नाही.

खडू_संपला:
झेडपीवर १९ वर्षं झाली. ज्या बाई अजून एक फॉर्म आणला का विचारतात ना, त्या मीच असं समजा.

युडायसमध्ये आता एकेका मुलाची नोंद आहे, २०२२-२३ पासून. सरल हे राज्याचं पोर्टल वेगळं, आधार जुळवणी वेगळी, वर केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर दुपारी मेसेज येतो की संध्याकाळपर्यंत एक्सेल भरून पाठवा, आणि त्यात विचारलेलं असतं तेच जे आम्ही परवा पोर्टलवर भरलं. आमच्या खोलीत वर्ग दोन, शिक्षिका मी एकटी, आणि नेटवर्क हवं असेल तर पाण्याच्या टाकीवर चढायचं. तेव्हा संस्थेचा माणूस टॅब घेऊन हसत येतो आणि म्हणतो मॅडम फक्त दहा मिनिटं, तर मला हसू येत नाही.

आणि कटू वाटेल तरी लिहिते, जो आकडा भरला की आपल्यालाच काहीतरी होतं तो आकडा खरा येत नाही. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात, पट कमी झाला की एक पद जातं. मग पट कोण कमी दाखवेल? चाचणीचंही तेच, माझ्या वर्गाचा निकाल मीच घ्यायचा, मीच तपासायचा, मीच भरायचा आणि खराब आला तर नोटीसही मलाच. मी तरी खोटं भरलं नाही, पण भरणाऱ्याला मी नावंही ठेवणार नाही.

तर तुमच्या भागीदारीत एक अट घाला, जे युडायसमध्ये आहे ते शिक्षकाला परत विचारायचं नाही. शाळेचा ११ अंकी कोड घ्या, आपल्याकडे २७ ने सुरू होतो, त्यावरून वर्गखोल्या शौचालयं शिक्षकसंख्या सगळं मिळतं. आमच्याकडे तेच घ्यायला या जे पोर्टलला माहिती नाही.

सरासरी_काढू_नका:
बाईंनी जे अनुभवातून लिहिलं ते संशोधनातही निघालंय. मध्य प्रदेशात सरकारी चाचणीतलेच प्रश्न घेऊन त्याच मुलांना बाहेरच्या माणसांनी पुन्हा विचारले तर मुलं कितीतरी खाली निघाली. त्यामुळे बाहेरच्या संस्थेने मोजण्याला अर्थ आहे, ती हुशार असते म्हणून नाही, तिचं पद त्या आकड्यावर अवलंबून नसतं म्हणून.

आता मूळ प्रश्न, आकड्याने बदलतं का. यावर मला सगळ्यात आवडणारा प्रयोग जौनपूरचा, उत्तर प्रदेशातला, २००५-०६ च्या सुमारास, २८० गावं. प्रथम आणि अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो यांची टीम. काही गावांत नुसत्या सभा घेतल्या, शिक्षण समितीचे अधिकार काय वगैरे सांगितलं. काहींमध्ये त्याच्या जोडीला गावकऱ्यांनाच शिकवलं की मुलांची चाचणी घ्या आणि गावाचं प्रगतीपुस्तक बनवा. आणि तिसऱ्या गटात हे सगळं करून शिवाय गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घ्यायचं प्रशिक्षण दिलं. पहिल्या दोन प्रकारांत काहीही हललं नाही, ना समिती, ना शाळा, ना मुलांचं वाचन. तिसऱ्यात वर्गाला बसलेली मुलं वाचायला लागली. म्हणजे आकडा हातात देऊन आपण निघून गेलो तर लोक चुकचुकतात आणि कामाला लागतात, आपापल्या. ओसरीवरची_शाळा, तुमच्याकडे वाचनवर्ग आधीच आहेत, म्हणजे जौनपूरमध्ये जे शेवटी जोडलं ते तुम्ही सुरुवातीलाच करून बसलाय, हे त्या फाउंडेशनला ठणकावून सांगा, भाव वाढेल तुमचा.

वरच्या पातळीवर मात्र उलटं आहे, तिथे एका रिपोर्टने काही होत नाही पण तोच साधा आकडा वर्षानुवर्षं येत राहिला की नाकारता येत नाही. असरचा आकडा कुणालाही कळतो, सरकारी शाळेतल्या तिसरीच्या किती मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो, २०१८ मध्ये २०.९ टक्के, कोरोनानंतर २०२२ ला १६.३, २०२४ ला २३.४. सुरुवातीची कितीतरी वर्षं यावर वादच होते, सॅम्पल बरोबर नाही, चाचणी फार सोपी आहे वगैरे. २०२० च्या शिक्षण धोरणात मात्र सरकारनेच लिहिलं की प्राथमिक स्तरावरच्या ५ कोटींहून जास्त मुलांना पायाभूत वाचन आणि गणित येत नाही, आणि जुलै २०२१ मध्ये निपुण भारत आलं. २००५ ते २०२१, मोजा किती वर्षं झाली. सगळं श्रेय असरचं असं मी म्हणत नाही पण ज्याला दोन वर्षांच्या ग्रँटमध्ये "धोरणात्मक बदल" हवाय त्याने आधी हे बघावं. बरं, तुमच्या त्या प्रस्तावात तिसऱ्या वर्षाचं काही लिहिलंय का?

एमओयू_वाचा:
तिसऱ्या वर्षाचं कधीच लिहिलेलं नसतं 😀

आम्ही तोंड पोळून घेतलंय म्हणून लिहितो. तिघांची भागीदारी, आम्ही तळातले. ११ महिने पोरांनी उन्हातान्हात फिरून घरं केली, डेटा थेट मोठ्या भागीदाराच्या सर्व्हरवर जायचा कारण ॲप त्यांचं. प्रोजेक्ट संपल्यावर आमचा लॉगिन बंद. आमच्याच गावांची यादी आम्हाला मेल करून मागावी लागली, तीन वेळा मागितली, शेवटी एक पीडीएफ आली ज्यात तालुक्याची सरासरी होती. डॅशबोर्ड वर्षभर दिसत होता, मग डोमेनचे पैसे कुणी भरले नाहीत. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मुद्दाम सांगतो. करारात लिहिलेलंच नव्हतं तर ते तरी काय करणार.

त्यामुळे सही करायच्या आधी स्पष्ट लिहून घ्या की कच्चा डेटा दर महिन्याला तुमच्याकडे येईल, उघडता येईल अशा फाइलमध्ये, आणि प्रोजेक्ट संपल्यावरही तुमच्याकडे राहील. निकाल वाईट आला तरी छापायचा, हेही लिहा, कारण ऐनवेळी कुणीतरी म्हणतंच की झेडपीशी संबंध बिघडतील, जरा थांबू. आणि अधिकाऱ्यांपुढे मांडताना तुमचा माणूस खोलीत पाहिजे, नुसता लोगो नको.

मुलांच्या नावांचंही बघा. २०२३ च्या डिजिटल डेटाच्या कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण मूलच धरलंय आणि पालकांची संमती लागते असं आहे. अमेरिकेत इनब्लूम म्हणून प्रकरण झालं होतं, गेट्स फाउंडेशन आणि कार्नेगीचे १० कोटी डॉलर, अनेक राज्यांतल्या शाळांचा डेटा एका जागी आणायचा. २०१३ ला सुरू झालं आणि २०१४ ला बंद, कारण आमच्या पोरांची माहिती कुठे जाते हे पालकांना आधी कुणी धड सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे पालक मोर्चा काढणार नाहीत कदाचित, पण म्हणून आठवीतल्या मुलीचं नाव, जात आणि आईचा फोन नंबर एका शीटमध्ये भरून व्हॉट्सॲपवर फिरवायचं का? मी हे होताना डोळ्याने पाहिलंय.

माजी_स्वयंसेवक:
शीट फिरतात, हे खरंय. आमच्या वेळी कागद होते तेच बरे होते एका अर्थी.

ओसरीवरची_शाळा:
सगळ्यांचे खूप आभार, रात्री बसून सगळं वाचलं आणि सकाळी टीमला मोठ्याने वाचून दाखवलं. सरासरी_काढू_नका, प्रस्तावात तिसरं वर्ष नाहीये, आत्ता परत उघडून पाहिलं.

खडू_संपला बाई, तुमच्या ३० सप्टेंबरवरून एकदम डोक्यात आलं. आमच्या दोन्ही तालुक्यांतून ऊसतोडीला लोक जातात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे ३० सप्टेंबरला पोरगं पटावरही असतं आणि वर्गातही असतं, आणि डिसेंबरमध्ये फक्त पटावर असतं. काही आजीकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात, काही आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत. हमी कार्ड द्यायचं असतं, त्यावर तिकडच्या शाळेत बसवून घेतात, पण किती जणांना मिळालं आणि तिकडे खरंच किती जण शाळेत बसले हे आमच्या तालुक्यात कुणालाच सांगता येत नाही, मी विस्तार अधिकाऱ्यांनाही विचारलं होतं. सर्व्हेला जानेवारीत कुणी आलं आणि घराला कुलूप असेल तर ते घर यादीतच येत नाही. आम्ही वाचनवर्गाची हजेरी बघतो म्हणून आम्हाला कळतं की अमुक वाडीतली नऊ पोरं गेली.

तर आता असं वाटतंय की त्यांचा ६४ प्रश्नांचा फॉर्म परत करायचा आणि म्हणायचं की आम्ही एवढंच मोजणार, सप्टेंबरमध्ये कोण होतं, डिसेंबरमध्ये कोण आहे, गेलेलं मूल कुठे गेलं, कार्ड मिळालं का, आणि एप्रिलमध्ये परत आल्यावर वाचता येतं का. चाळीसही गावांत, सगळी घरं, सॅम्पल नाही. आणि जे निघेल ते आधी त्या गावच्या शाळेत आणि ग्रामसभेत सांगायचं, झेडपीला नंतर. त्यांना जमलं तर जमलं.

सरासरी_काढू_नका:
सगळी घरं करताय हे उत्तम, मग सरपंचाला उत्तर देता येईल. एक सुचवतो, जिथे मुलं जातात त्या कारखान्यांच्या पट्ट्यातली एखादी संस्था चौथी भागीदार घ्या, नाहीतर "कुठे गेलं" याचं उत्तर "कारखान्याला" एवढंच येईल आणि तिथल्या शाळेत नाव लागलं का हे कळणारच नाही. आणि एप्रिलची चाचणी सप्टेंबरलाही घ्या, त्याच मुलांची, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार.

एमओयू_वाचा:
फाउंडेशन नाही म्हणालं तरी हे करा. सहा जण आणि चाळीस गावं म्हणजे कठीण आहे पण एका तालुक्यातली दहा गावं नक्की होतील. आणि ॲप त्यांचं असेल तर एक्सपोर्टचं बटण पहिल्याच दिवशी दाबून बघा, चालतं का ते.

खडू_संपला:
डिसेंबरचा खरा पट मी देईन, पण शाळेचं नाव बाहेर येणार नसेल तरच. आधी माझ्या पदाचं काय ते बघा मग बोलू.

ओसरीवरची_शाळा:
बाई, हा मुद्दा आमच्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता. करारात टाकतो, शाळेच्या नावाने आकडा कुठेही जाणार नाही, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पातळीवर जाईल. ग्रामसभेत मात्र गावाची शाळा एकच असते, तिथे लपणार कसं हे अजून सुटलेलं नाही. सोमवारी त्यांच्याबरोबर मीटिंग आहे, काय झालं ते इथेच लिहीन.