दहाव्या चालीला मात: मुलाचं ओपनिंग बदलू का?

नाशिकची_आई:
लेक दहा वर्षांचा. बुद्धिबळाच्या जिल्हा निवड स्पर्धेत काळी मोहरी होती. स्कोअरशीटवरून उतरवतेय (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; × म्हणजे मारलं): १. ई४, ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा जी५, डी५ ५. ई×डी५, घोडा×डी५ ६. घोडा×एफ७, राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह, राजा जी८ ८. उंट×डी५ शह, वजीर×डी५ ९. वजीर×डी५ शह, उंट ई६ १०. वजीर×ई६ मात.
आता म्हणतो, ई५ खेळणारच नाही. सिसिलियन (ई४ला सी५ हे उत्तर) शिकवू का?

सांगलीकर:
ताई, ओपनिंग बदलू नका. चौथ्या चालीपर्यंत पोरगं उत्तम खेळलंय! एफ७च्या प्याद्याला राजाखेरीज कुणाचा जोर नाही, त्यावर घोडा आणि उंट दोघांचा डोळा. तिथे डी५ हीच खरी चाल. घोडा चुकला तो पाचव्या चालीला. एफ७वर घोडा देऊन केलेल्या या हल्ल्याला फ्राइड लिव्हर म्हणतात, जुना इटालियन खेळाडू पोलेरिओच्या काळापासून, म्हणजे चारशे वर्षं मुलं यात सापडताहेत. सातव्या चालीला राजा ई६ला आणून डी५च्या घोड्याला जोर द्यायचा असतो, पण उघड्या पटावर राजा सांभाळणं या वयात कठीणच.

पाचव्या चालीला घोडा ए५ शिकवा. पुढे ६. उंट बी५ शह, सी६ ७. डी×सी६, बी×सी६ ८. उंट ई२, एच६ ९. घोडा एफ३, ई४ १०. घोडा ई५. आता त्यालाच मोजू द्या: पांढऱ्याचा घोडा चारदा हलला, उंट तीनदा, बाकी एकही मोहरं घराबाहेर नाही. काळ्याचं एक प्यादं कमी आहे, पण खेळ त्याच्या हातात आहे. मुलांना हे गणित एकदा पटलं की प्यादं द्यायची भीती जाते, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

ठाण्याचा_पटवेडा:
पुढची स्पर्धा जवळ असेल तर तिसऱ्या चालीला उंट सी५ खेळू दे. मग घोडा जी५ आला तर वजीर फुकटात घोडा मारतो.

सांगलीकर:
बरोबर, तोही पक्का मार्ग आहे. पण घोडा एफ६ कायमचं सोडायला लावू नका. आधी त्याला पांढऱ्याकडून बसवा, काळी तुम्ही घ्या.

नाशिकची_आई:
आज रात्रीच पट मांडते. घोडा ए५च्या डावात दहाव्या चालीनंतर काळ्याने काय करायचं?

सांगलीकर:
उंट डी६, ई५च्या घोड्यावर. मग किल्लेकोट.