शेवट कळला म्हणून काय झालं!

एखाद्या पुस्तकावर बेतलेला व्हिडिओ गेम संपवला की शेवट कळलेला असतो, मग मूळ पुस्तकात राम उरत नाही, असं काही जण म्हणतात. ते काही पटलं नाही. 'विचर' या फँटसी पुस्तकमालिकेवरचे गेम तर कादंबऱ्यांच्या नंतरच्या काळात घडतात. त्यातून शेवट थोडाफार फुटतो, पण पुस्तकांतली गोष्ट वेगळीच आहे. फक्त सुरुवात कथासंग्रहांपासून करा, थेट कादंबरीत उडी नको.

मी सध्या स्त्रुगात्स्की बंधू या रशियन लेखकांची १९७२ सालची विज्ञानकादंबरी 'रोडसाइड पिकनिक' वाचतोय. २००७च्या 'स्टॉकर' गेममध्ये पुढचा धोका ओळखायला आपण बोल्ट फेकत जातो ना, ते या पुस्तकातूनच आलंय. पुस्तकाचा नायक रेड धोकादायक, निषिद्ध 'झोन'मध्ये शिरताना खिशातून नट काढून पुढे फेकतो. तो सरळ पडला तर पाऊल टाकायचं, मध्येच भलतीकडे ओढला गेला तर तिथे गुरुत्वाकर्षणाचा सापळा. गेममध्ये मी बोल्ट कंटाळून फेकायचो. इथे प्रत्येक फेकीला श्वास अडकतो. आणि पुस्तक आहे जेमतेम दीड-दोनशे पानांचं.