अभयारण्यात गुन्हा घडताना पाहिला, पण पंच व्हायला नकार दिला. आता काय करता येईल?

वाटसरू_कोथरूड

सर्वांना नमस्कार.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे मित्र पुण्याहून पहाटे निघून सह्याद्रीतील एका संरक्षित वनक्षेत्रात गेलो होतो. प्रकरण अजून चौकशीत असल्याने क्षेत्राचे नाव मुद्दाम देत नाही. दुपारी पाणवठ्याच्या वरच्या अंगाला बसलो असताना पलीकडच्या पाच-सहा जणांनी ड्रोन उडवला आणि पाण्यावर आलेल्या गव्यांच्या कळपावर तो इतका खाली आणला की सगळा कळप उधळला. एक वासरू दगडांत अडखळून पडले, त्याची आई दोनदा अर्ध्या वाटेवरून मागे फिरली आणि तरीही ड्रोन त्यांच्या डोक्यावर घोंघावतच राहिला.

थोड्या वेळाने एक वनरक्षक आणि एक वनमजूर धापा टाकत आले. त्यांनी ड्रोन ताब्यात घेतला, सगळ्यांना नाक्यावर नेले आणि जीपच्या बॉनेटवर कार्बन लावून पंचनामा लिहायला घेतला. पंच म्हणून सही करण्याची विनंती त्यांनी आम्हालाच केली. साडेचार वाजून गेले होते, परतीचा रस्ता लांबचा होता आणि कोर्टाचे खेटे आपल्या मागे लागतील अशी भीतीही होती, म्हणून आम्ही नाही म्हणालो. वनरक्षक एवढेच बोलला, “साहेब, डोळ्यांनी पाहिलंत तुम्ही. तुम्हीच नाही म्हणालात, तर मी कागदावर कुणाचं नाव लिहू?” तो गट मात्र “दंड सांगा, पावती फाडा” एवढेच म्हणत होता.

त्या दिवसापासून मनाला स्वस्थता नाही. वनरक्षकाला अशा वेळी नेमके कोणते अधिकार असतात, हे प्रकरण खरोखर दंडाच्या पावतीवर मिटू शकते का, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने यात काय बदलले, आणि महिना उलटल्यावरही आम्हाला काही करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_वनक्षेत्रपाल

वाटसरू, तुम्हाला हा प्रश्न विचारावासा वाटला याचे मला मनापासून समाधान वाटले. माझी नोकरी निम्मी सह्याद्रीत आणि निम्मी विदर्भात झाली. आता हडपसरला राहतो. तुमच्यासारखी भली माणसे नाक्यावरून घाईने निघून जाताना मी किती वेळा पाहिली असतील, त्याची गणती नाही.

आधी अधिकारांचे सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ५० खाली कोणत्याही वनाधिकाऱ्याला, म्हणजे वनरक्षकालासुद्धा, संशयिताला थांबवण्याचा, झडती घेण्याचा आणि गुन्ह्यात वापरलेली वस्तू जप्त करण्याचा अधिकार आहे. ती व्यक्ती आपले नाव-पत्ता देऊन पुढे हजर राहील अशी खात्री पटत नसेल, तर विनावॉरंट अटकही करता येते. त्यामुळे “तुम्ही पोलीस आहात का?” हा नाक्यावर नेहमी ऐकू येणारा सवाल कायद्यापुढे टिकत नाही. मात्र तो विचारणारे सहाजण आणि त्यांच्यापुढे उभा असलेला वनरक्षक एकटा असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या पायपिटीत एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. दिवसभर अशी जोखीम घेऊन नाक्यावर परतणाऱ्या माणसाला संध्याकाळी दोन पंचांसाठी हातापाया पडावे लागते, ही गोष्ट मला नोकरीत असतानाही फार लागत असे.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येतो. पंच आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमुक वस्तू अमुक ठिकाणी अमुक माणसाकडून ताब्यात घेतली, एवढ्याला पंच दुजोरा देतो. गुन्हा कसा घडला हे सांगतो तो साक्षीदार. पंच होण्याची वेळ तुमच्या हातून गेली, हे खरे आहे. तिथे वनमजुराची सही घेऊन काम भागवले असेल, आणि मग बचावाचे वकील “सगळे पंच खात्याचेच” असे म्हणतात. परंतु वासरू पडताना तुम्ही पाहिले आहे आणि ते सांगणारे खात्याबाहेरचे तुम्ही चौघेच आहात. त्या परिक्षेत्राच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जा, वनगुन्ह्याचा क्रमांक विचारून घ्या आणि आपला जबाब लेखी द्या. छायाचित्रे काढली असतील तर मूळ मेमरी कार्ड जपून ठेवा. व्हॉट्सअपवरून पाठवलेली प्रत पुराव्याला कमकुवत ठरते.

वकील_शिवाजीनगर

काकांनी मांडलेल्या गोष्टी अचूक आहेत. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालते.

कलम २७ च्या उपकलम ४ नुसार अभयारण्यात कोणत्याही वन्य प्राण्याला छेडणे किंवा त्रास देणे हा गुन्हा आहे. तिथे कचरा टाकण्याची मनाईही याच उपकलमात आहे. छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना कलम २८ खाली मिळतो. कलम ३५ च्या उपकलम ८ मुळे या तरतुदी राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतात, त्यामुळे तुम्ही पाहिलेली घटना चांदोलीत घडली काय किंवा भीमाशंकर अभयारण्यात घडली काय, या मुद्द्यापुरता फरक पडत नाही.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने परिशिष्टे, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्रजातींच्या याद्या, सहावरून चारवर आणली आणि सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी दंडाची कमाल मर्यादा २५,००० रुपयांवरून १ लाखावर नेली. तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद तशीच राहिली. परिशिष्ट १ मधील प्राण्यासंबंधीचा गुन्हा असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे आणि दंड आता किमान २५,००० रुपये आहे. गवा परिशिष्ट १ मध्येच आहे. नुसत्या छेडण्याला ही कठोर शिक्षा लावावी का, यावर बचाव पक्ष नक्कीच वाद घालील, परंतु माझ्या मते कलम ५१ ची शब्दरचना तो युक्तिवाद करण्याइतकी व्यापक आहे आणि सरकारी पक्षाने तो करायलाच हवा.

“पावती फाडा” या वृत्तीचे उत्तरही इथेच आहे. कलम ५४ खाली तडजोड रक्कम घेऊन प्रकरण मिटवता येते आणि तिची मर्यादा २५,००० वरून थेट ५ लाख रुपये झाली आहे, पण तो अधिकार वरिष्ठ अधिकृत अधिकाऱ्याचा आहे, नाक्याचा नाही. शिवाय ज्या गुन्ह्याला किमान कैद सांगितली आहे त्यात तडजोड मुळीच होऊ शकत नाही. म्हणून कळपावर ड्रोन किती खाली आला, तो किती वेळ राहिला आणि वासरू कसे पडले, हे तुमच्या जबाबात बारकाव्यांसह येणे आवश्यक आहे. “विनापरवाना ड्रोन उडवला” एवढेच कागदावर आले, तर गुन्ह्याचे स्वरूप फार सौम्य दिसेल.

महिन्याच्या विलंबाने घाबरू नका. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांची दखल घेण्यास न्यायालयाला तीन वर्षांची मुदत असते. कलम ५० च्या उपकलम ८ खाली सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरील अधिकारी तुमची साक्ष नोंदवू शकतात, आणि ती आरोपीच्या समक्ष नोंदवलेली असेल तर पुढे खटल्यात ग्राह्य धरली जाते. छायाचित्रांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र लागेल, त्याचा मसुदा मी विनामूल्य करून देईन. आणि समजा खात्याने प्रकरण पुढे नेलेच नाही, तर कलम ५५ प्रमाणे किमान साठ दिवसांची नोटीस देऊन कोणत्याही नागरिकाला स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करता येते.

जंगलवारी_औंध

पर्यटकाची साक्ष किती दूर जाते याचे अलीकडचे उदाहरण उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडवले. त्याची चित्रफीत पसरली, बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारीत स्वतःहून दखल घेतली. संबंधित चालक आणि मार्गदर्शकांवर निलंबन आणि दंडाची कारवाई झाली. त्या वाहनांत पैसे मोजून बसलेल्यांपैकी किती जणांनी चालकाला “गाडी मागे घे” असे सांगितले असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

यापुढे मात्र एक अडचण येणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी उत्तराखंडच्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाविषयीच्या प्रकरणात दिलेल्या निर्देशांनुसार व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापरता येणार नाही आणि रात्रीचे पर्यटनही बंद राहील. मला हे निर्देश पूर्ण मान्य आहेत, कारण वाघ दिसल्याचा फोन गेला की दहा गाड्या एका जागी जमतात. पण उमरेडचा पुरावा मोबाइलमधूनच आला होता, हेही खरे आहे. म्हणून मी हल्ली खिशात छोटी वही ठेवतो आणि वाहनाचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण जागच्या जागी लिहून, बाहेर पडताना प्रवेशद्वारावरच्या तक्रारवहीत उतरवतो.

मुळशीची_वाट

तातडीच्या वेळी वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी लक्षात असू द्यावी.

निवृत्त_वनक्षेत्रपाल

जंगलवारी यांची वहीची सवय फार उपयोगाची आहे. त्यात एकच भर घालतो: नोंद झाल्यावर खाली तारीख घालून सही करा. त्याच दिवशी त्याच ठिकाणी केलेली नोंद उलटतपासणीत साक्षीदाराला मोठा आधार देते. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणली, तेव्हापासून आपल्याकडच्या जंगलांकडे वळणाऱ्या गाड्या वाढणार हे उघड आहे. बीटवरची, म्हणजे प्रत्यक्ष गस्तीच्या हद्दीतली, माणसे मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाहीत.

वाटसरू_कोथरूड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे शनिवारी आम्ही तिघे परिक्षेत्र कार्यालयात जाऊन आलो. वनगुन्हा नोंदवलेला आहे आणि पंच म्हणून वनमजूर व नाक्याजवळच्या टपरीचा मालक यांच्या सह्या आहेत. पुढे त्याच पर्यटकांकडे धंदा करायचा असूनही त्याने सही केली, हे कळल्यावर आम्हाला आमचीच लाज वाटली. आमचे जबाब त्या दिवशी लिहून घेतले. मित्राच्या कॅमेऱ्यातल्या चौदा छायाचित्रांपैकी दोनमध्ये ड्रोन आणि पडलेले वासरू एकाच चौकटीत आहेत, ते मेमरी कार्ड पाकिटात मोहोरबंद करून जमा केले आहे. वकीलताई, प्रमाणपत्राच्या मसुद्यासाठी आपल्याला वेगळा निरोप पाठवत आहे. सहायक वनसंरक्षकांसमोर येत्या बुधवारी सकाळी अकराला बोलावले आहे आणि त्या दिवशी चौथा मित्रही रजा काढून येणार आहे. तो वनरक्षक गस्तीवर असल्याने आमची भेट झाली नाही. आम्ही येऊन गेल्याचा निरोप मात्र त्याच्यासाठी वनपालांकडे ठेवला आहे.