'प्रिन्केप्स'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, सध्या रोमच्या क्लॉडियसवरची एक जाडजूड कादंबरी वाचतोय. तोच तो, लंगडत चालणारा, बोलताना अडखळणारा, घरच्यांनी खुळा समजून बाजूला सारलेला, आणि इ.स. ४१ मध्ये आधीचा सत्ताधीश कॅलिगुला याचा खून झाल्यावर पडद्याआड लपलेला सापडला तर शिपायांनी त्यालाच गादीवर बसवला. हौस म्हणून वहीत थोडं भाषांतर करतोय आणि सगळीकडे 'सम्राट' लिहीत सुटलो होतो, पण मूळ लॅटिन शब्द आहे प्रिन्केप्स, म्हणजे पहिला, अग्रणी. रोमनांना 'राजा' या शब्दाचंच वावडं म्हणून ऑगस्टसने, म्हणजे या गादीवरच्या पहिल्याने, मुद्दाम हा साधा शब्द घेतला. मग सम्राट कसं चालेल?

> नाहीच चालणार. अमरकोशात सम्राट म्हणजे ज्याने राजसूय केलाय आणि ज्याच्या हुकमात बाकीचे राजे आहेत तो. ऑगस्टस जे लपवत होता तेच तुम्ही दवंडी पिटून सांगताय :) 'प्रथम नागरिक' करा की.

प्रथम नागरिक म्हटलं की मला फीत कापणारे महापौर दिसतात हो. याच्या हाताखाली अख्खी फौज होती.

> पेशवा! चेष्टा नाही करत. फारसीत पेश म्हणजे पुढे, पेशवा म्हणजे पुढे असणारा. शिक्क्यात बघा, 'राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. पुढे पुढे तर कारभार सगळा पुण्यात, पण वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. तिकडे रोमातही सिनेट, म्हणजे बड्या लोकांची राज्यसभा, होतीच की, क्लॉडियसला अधिकार रीतसर तिनेच दिले, शिपायांनी आधी उचलून आणलं ही गोष्ट वेगळी.

अर्थ चपखल, पण 'पेशवा क्लॉडियस' वाचून शनिवारवाडा दिसणार त्याचं काय? आणि 'पुढारी' केलं तर खादी आणि टोपी.

> अवांतर: तुम्ही त्याला बोबडा लिहू नका बरं का. बोबडं म्हणजे लहान मूल 'र'ला 'ल' म्हणतं तसं. शब्द अडकत असेल तर तोतरा. आणि हा तोतरा माणूस शब्दवेडा होता, लॅटिन लिपीत तीन नवी अक्षरं घातली पठ्ठ्याने, तो गेला नि ती पण गेली.

> सीझर ही त्यांची पदवी पण विसरू नका, मूळचं ते नुसतं घराण्याचं नाव. त्याचंच फारसीत कैसर झालं आणि व्हिक्टोरियाबाईंची कैसर-ए-हिंद झाली.

ओके, प्रिन्केप्स तसाच ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे तळटीप. तोतरा पण केलं. आता कॅलिगुला. लहानपणी छावणीत सैनिकी जोडे घालून फिरायचा म्हणून शिपायांनी ठेवलेलं नाव, छोटा बूट. 'बुटल्या' कसं वाटतं?

> बुटका वाटतो. 'वहाणुल्या' करा.