‘हॅड होप्ड टु’ म्हणजे आशा संपली: हे शाळेत शिकवायचं की नाही?

सांगावा
परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचं इंग्रजी लेखन मी घेतो. परवा एका मुलीला इंग्लंडमधल्या विद्यापीठाचं पत्र आलं. पहिलंच वाक्य होतं: ‘वी हॅड होप्ड टु ऑफर यू अ प्लेस धिस ऑटम.’ होप आणि ऑफर हे दोन शब्द वाचून ती पेढे वाटायच्या बेतात होती. जागा भरल्याचं पुढच्या परिच्छेदात लिहिलेलं होतं, पण इतकं गुळगुळीत की तिच्या ध्यानातच आलं नाही. इंग्रज वाचकाला पहिल्या चार शब्दांतच नकार कळतो. पुढचं तो वाचतो ते फक्त कारण काय म्हणून.

आपण पास्ट परफेक्ट एकाच साच्यातून शिकवतो. घटना दोन, आधीच्या घटनेला हॅड. ‘मी स्टेशनवर पोचायच्या आत गाडी सुटली होती.’ त्यात चूक काही नाही. पण होप, मीन, इंटेंड, प्लॅन, वॉन्ट, एक्स्पेक्ट ही मनातल्या बेताची क्रियापदं आहेत. त्यांच्यामागे हॅड आणि पुढे टु आलं की दुसरी घटना वाक्यात सापडत नाही, कारण ती घडलेलीच नसते. ‘आय हॅड मेंट टु कॉल यू’ म्हणजे फोन करायचा होता, केला नाही. हा वेगळा प्रयोग म्हणून नववी-दहावीतच शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

खडूफळा
पूर्ण असहमत. नकार त्या रचनेत नाहीच. ‘ही फाउंड व्हॉट ही हॅड होप्ड टु फाइंड.’ इथे हवं ते सापडलं की! ‘शी हॅड मॅनेज्ड टु एस्केप’: निसटली. ‘इट हॅड बिगन टु रेन’: पाऊस सुरू झाला. हॅड सगळीकडे एकच काम करतो. भूतकाळातल्या एका क्षणाच्याही आधीची ही गोष्ट, एवढंच तो सांगतो. आशा आधी होती असं कोणी मुद्दाम म्हटलं, की आता ती नसणार हे वाचक स्वतः ताडतो. ते संदर्भाचं काम आहे, व्याकरणाचं नाही. तुम्ही वेगळा नियम केलात की क्लासवाले फळ्यावर ‘हॅड अधिक होप बरोबर नकार’ लिहून मोकळे होतील, आणि मुलं माझं पहिलं वाक्य उलटं वाचतील.

सांगावा
मॅनेज आणि बिगिन ही बेताची क्रियापदं नाहीत, त्यांच्याबद्दल माझं म्हणणंच नाही. राहिलं तुमचं पहिलं वाक्य. तिथे आशा पुरी झाली हे सांगायला ‘फाउंड’ हे वेगळं क्रियापद आणावं लागलं. नुसतं ‘ही हॅड होप्ड टु फाइंड हर देअर’ लिहून पूर्णविराम द्या. ती भेटली असं किती जण वाचतील? वेगळं काही न सांगता जो अर्थ निघतो, तोच शिकवायचा असतो.

ओव्हरकोट
यॉर्कशायरमधल्या एका रुग्णालयात मी नर्स आहे. कागदावरच्या वादात एक गोष्ट सुटते आहे, ती म्हणजे उच्चार. एरवी बोलताना हॅडचा नुसता ‘ड’ उरतो, ‘आय्ड सीन इट’. पण राउंडला डॉक्टर म्हणतात, ‘आय हॅड होप्ड टु सेंड यू होम टुडे’, तेव्हा हॅड अख्खा येतो आणि त्यावर जोर असतो. वाक्य संपायच्या आत पेशंट उशीला टेकतो. आज घरी जाणं नाही, हे त्याला कळलेलं असतं. मायकल स्वॉन यांच्या ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’मध्येही या अर्थाच्या हॅडवर बहुधा जोर येतो अशी नोंद आहे.

आणि याची जोडी शिकवा. ‘आय वॉज होपिंग टु सी द डॉक्टर’ असं कोणी फोनवर म्हणतं तेव्हा आशा जिवंत असते, त्याला अपॉइंटमेंट हवी असते. तिथे ‘आय हॅड होप्ड’ म्हटलं तर ती तक्रार वाटते. इथे नव्याने आलेल्या आपल्या मुलींची नेमकी इथेच गफलत होते. विनंती करायला जातात आणि समोरच्याला रुसवा ऐकू येतो. त्यामुळे माझं मत सांगावा यांना.

जुनी पोथी
थोडं मागे जाऊ या. हॅम्लेटच्या पाचव्या अंकात ऑफिलियाच्या थडग्यावर फुलं टाकताना राणी म्हणते, ‘आय थॉट दाय ब्राइड-बेड टु हॅव डेक्ड’. तुझी लग्नाची शेज सजवायची होती गं, असा तो हुंदका आहे. इथे थॉट साधा भूतकाळ आहे. न घडल्याची खूण टु नंतरच्या ‘हॅव डेक्ड’वर आहे. म्हणजे हा अर्थ हॅडची मक्तेदारी नाही.

लिंडली मरे या यॉर्कला स्थायिक झालेल्या अमेरिकन वकिलाने १७९५ च्या व्याकरणात ‘आय इंटेंडेड टु हॅव रिटन’ चूक ठरवलं. त्याचा तर्क असा की ठरवलं तेव्हा लिहिणं पुढेच होतं, म्हणून ‘टु राइट’ हवं. काळाच्या हिशोबाने बिनतोड. तरी लोक बोलतच राहिले. १९२६ मध्ये इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने तडजोड केली. हिशोबाने चूक आणि अनावश्यक, पण आशा फळली नाही हे त्यातून इतकं सोयीस्करपणे सुचतं की रूढ प्रयोग म्हणून मान्य करावं, असं त्याचं मत. आज दोन्हीकडे परफेक्ट लावून ‘हॅड होप्ड टु हॅव सीन’ म्हणणारेही भेटतात. मला ते खटकतं. एक खूण पुरेशी आहे.

खडूफळा
फाउलरचा दाखला माझ्याच बाजूचा झाला. रूढ प्रयोग वाचून अंगवळणी पडतात, नियम करून नाही.

जुनी पोथी
घरात इंग्रजी पुस्तकं असतील तर पडतात. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी काय करायचं?

न्यूजर्सीकर
माझ्या ऑफिसात हे ‘हॅड होप्ड’ फारसं कानावर येत नाही. अमेरिकन सहकारी ‘वॉज होपिंग’ किंवा सरळ ‘वॉन्टेड टु’ म्हणतात. बातम्यांत मात्र ‘हॅड बीन’ हमखास भेटतं. ‘अपोलो १३ हॅड बीन स्केज्युल्ड टु लँड ॲट फ्रा माउरो.’ १९७० च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनची टाकी फुटली आणि चंद्रावर उतरणं राहिलं, हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही काहीतरी बिनसलं हे या वाक्यावरून कळतं. स्केज्युल तर आशेचं क्रियापद नाही. मग सांगावा, तुमची यादी अपुरी आहे.

सांगावा
मान्य, यादी वाढवायला हवी. ठरलेलं, अपेक्षित, नियोजित हे सगळं त्यात येईल.

तिसरी घंटा
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली हजेरीत गेलेली वेगळी. माझी मुलं ‘मला तुम्हाला भेटायचं होतं’चं इंग्रजी ‘आय हॅड टु मीट यू’ करतात. म्हणजे भेटणं भाग पडलं आणि भेटलोही! इच्छेची सक्ती झाली आणि न झालेली भेट होऊन गेली. त्यावर उपाय ‘आय वॉन्टेड टु मीट यू’ हा आहे. तेवढं पक्कं होईपर्यंत त्यांच्यासमोर तिसरा हॅड मी आणणार नाही. इंग्लंडच्या पत्रांसाठी अभ्यासक्रम बदलायचा असेल, तर ती पत्रं येणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग घ्या.

ओव्हरकोट
ताई, मी जिल्हा परिषदेच्याच शाळेतली आहे.

सांगावा
तिसरी घंटा, तुमची अडचण खरी आहे. नववीचा आग्रह सोडतो. अकरावीत ठेवू. पण वगळायला माझी तयारी नाही. नकाराचं पत्र कोणाला येईल हे आपण आधी ठरवू शकत नाही.

खडूफळा
अकरावीत, आणि उताऱ्यातूनच. ‘वॉज होपिंग’ आणि ‘हॅड होप्ड’ची दोन वाक्यं शेजारी ठेवा, मोठ्याने वाचून घ्या, ओव्हरकोट म्हणतात तो जोर कानावर पडू द्या. त्याला माझी हरकत नाही. त्याचं सूत्र झालं आणि गाळलेल्या जागांत दोन गुणांना आलं, तर माझा विरोध आजच्याइतकाच राहील.